कलेक्टिव्ह ट्रॉमा : 'सामूहिक आघात' की 'धसका'?

समाजकार्य शिकणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की 'कलेक्टिव्ह ट्रॉमा'ला 'सामूहिक आघात' लिहिलं तर चालेल का आणि 'इनर सिटी'ला, म्हणजे अमेरिकी शहरांच्या मधल्या भागातल्या गरीब वस्त्यांना, काय म्हणायचं.

चुकीचं नाही, पण मला ते अपुरं वाटतं. आघात म्हणजे फटका. ट्रॉमा हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ जखम, म्हणजे फटक्यानंतर जे मागे राहतं ते, आणि त्याला आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला 'धसका' आहे की! आघात होतो आणि होऊन जातो, धसका बसतो तो बसूनच राहतो.

२ ऑगस्ट २०१६ ला नाशिकला गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला होता, आठवत असेल, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेलेला. नदीकाठच्या वस्तीतल्या माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत, त्यांचं रेशनकार्ड, आधार, दाखले सगळं तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याखाली उंच खिळ्याला टांगलेलं, भर उन्हाळ्यातसुद्धा. आणि नातू तर पुरानंतर जन्मलेला, पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं एवढं कानावर आलं तरी तो आधी आपलं दप्तर त्या खिळ्याला अडकवायला बघतो. त्याला आघात कधी झाला? झालाच नाही. धसका मात्र घरातून, गल्लीतून त्याच्यापर्यंत पोचलाय, आणि तो एकट्याचा नाही म्हणूनच सामूहिक.

तरी एक गोष्ट 'धसक्या'त बसत नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात २६ फेब्रुवारी १९७२ ला कोळसा खाणीचा बांध फुटून बफेलो क्रीकच्या खोऱ्यात १२५ माणसं गेली, वाचलेल्यांना छावण्यांत ठेवताना जुना शेजार कुणी बघितलाच नाही. काई एरिकसन या समाजशास्त्रज्ञानं त्यावरून मांडलं की माणसाला बसलेला धक्का वेगळा आणि माणसामाणसातलं नातं तुटणं वेगळं, कलेक्टिव्ह ट्रॉमा म्हणजे हे दुसरं. त्याला मी सरळ 'वस्ती विस्कटली' म्हणेन, आपल्याकडे लांबच्या घरकुलात गेलेल्या बायका हेच म्हणतात, घर मिळालं पण वस्ती विस्कटली.

'इनर सिटी'ला 'अंतर्नगर' वगैरे नको, आपलं जुनं नाशिकही नको, तिथे वाडेवालेही राहतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे घरकर्ज मिळेनासं झालं, पुढे काही वस्त्यांमधून तर हायवेच काढले. म्हणून 'शहरातल्या डावललेल्या वस्त्या' लिहा, 'मागास' नको, डावललेल्या म्हटलं की कुणीतरी डावललंय हे शब्दातच येतं.