जुन्या गाडीच्या पॉवर विंडो रखडत चालतात. मोटर बदलावी का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की गाडी 2010 ची आहे, ड्रायव्हरकडची काच खाली झटकन जाते पण वर येताना रखडते, डावीकडची पुढची काच वर-खाली दोन्ही वेळा मंद चालते, आणि गॅरेजवाला दोन्ही मोटरी बदलू म्हणतोय. माझ्या मते हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींत मोटरीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

ड्रायव्हरकडची काच आधी घ्या. खाली जाताना काचेचं वजन मोटरीच्या मदतीला येतं, वर येताना तेच ओढावं लागतं. म्हणून नुसती वर येतानाच रखडत असेल तर बहुतेक वेळा काच कुठेतरी घासतेय. ज्या रबरी चॅनलमधून ती सरकते, त्याच्या आत बारीक लव असते. उन्हाने रबर कडक होतं, लव झिजते, आणि उन्हाळ्याची धूळ व पावसाचं पाणी मिळून तिथे चिखलाचा थर बसतो. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून दुसऱ्या कुणाला बटण दाबायला सांगा आणि काचेला आतून-बाहेरून तळवे लावून वर जायला हलकी मदत करा. लगेच पळाली तर मोटर ठीक आहे. बोटं मात्र वरच्या कडेपासून लांब.

आता सफाई. काच पूर्ण खाली घ्या, चपट्या लाकडी पट्टीला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि चॅनलच्या खाचेत वरपासून खालपर्यंत फिरवा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत फिरवायचं. इथे कंटाळा केलात तर पुढचं सगळं वाया. वाळू द्या, मग स्प्रेला बारीक नळी लावून खाचेत सिलिकॉन स्प्रे मारा, काच चार-पाच वेळा वर-खाली करा आणि काचेवर आलेला ओघळ पुसून टाका. इंजिन ऑइल, ग्रीस, खोबरेल (हो, लोक तेही घालतात) यांतलं काही रबरावर नको. आठवडाभर काच लोण्यासारखी चालते, मग त्यावर धूळ चिकटून पहिल्यापेक्षा जड होते; शिवाय पेट्रोलियमच्या तेला-ग्रीसने रबर फुगतं.

तुमची गाडी 2010 ची म्हणून अजून एक शक्यता. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा अनेकांनी फिल्म घाईघाईने ओरबाडून काढल्या. कडेला राहिलेली पट्टी किंवा तिचा डिंक चॅनलमध्ये लपतो आणि बरोबर तिथेच काच अडकते. कडेवरून नख फिरवलं की कळतं.

डावीकडची काच दोन्ही दिशांना मंद आहे, म्हणजे तिथे मी वीज आधी बघेन. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये त्या मोटरीचा करंट आधी ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधून, मग डाव्या दरवाजाच्या स्विचमधून जातो आणि परतही तसाच येतो. प्रत्येक जळका काँटॅक्ट थोडे थोडे व्होल्ट खातो. गॅरेजमध्ये मोटरचा कनेक्टर काढून मीटर लावतात, 12 व्होल्ट दिसतात आणि ‘सप्लाय ओके’ म्हणून मोटर बदलायला घेतात. लोड नसताना, म्हणजे मोटर करंट ओढत नसताना, खराब काँटॅक्टमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. कनेक्टर जोडलेला ठेवून, काच चालू असताना मोजायला सांगा. इंजिन चालू असेल तर बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट असतात; मोटरपाशी दहाच मिळत असतील तर बाकीचे वाटेत जळतायत.

वाटेत म्हणजे सहसा दोन जागा. एक, स्विच: उघडून काँटॅक्ट क्लीनर मारला, काजळी अगदी बारीक पॉलिश पेपरने काढली की बरेचदा काम होतं. दोन, दरवाजा आणि खांब यांच्यामधला रबरी पाइप. दरवाजा उघडून-मिटून त्यातल्या वायरचे तंतू एकेक करून तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. दरवाजा थोडा हलवला की काचेचा वेग बदलतो, ही त्याची खूण.

मोटर पूर्ण व्होल्टेज मिळूनही मंद असेल, किंवा दरवाजावर थाप मारल्यावरच चालू होत असेल, तर बहुतेक तिचे कार्बन ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत. मग खुशाल बदला. कटकट आवाज येत असेल किंवा काच तिरकी होत असेल तर दोष विंडो मशीनचा (मोटरीच्या जोरावर काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा), म्हणजे तिच्यातल्या केबलचा किंवा प्लास्टिकच्या गुटक्याचा. अनेक गाड्यांत मोटर मशीनवर स्क्रूने बसवलेली असते, तेव्हा नुसतं मशीन मिळतं का ते विचारा. आणि तपासताना सारखं बटण दाबून मोटर तापवू नका. आतला थर्मल कटआउट तिला बंद करतो आणि मेली असं वाटतं. काही मिनिटं थांबा.

दरवाजा उघडलाच तर काच आधी मजबूत टेपने फ्रेमला बांधा, मशीन सुटलं की ती धाडकन खाली येते. डोअर पॅडच्या मागची प्लास्टिक शीट फाडू देऊ नका आणि परत कडेने नीट चिकटवून घ्या. ती नसेल तर पावसात दरवाजातलं पाणी खालच्या भोकांतून न जाता तुमच्या कार्पेटवर येईल.