वाचक विचारतात : खेकड्याच्या अंगावरची ‘घाण’

प्रश्न : माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लांब पायांचा कोळी-खेकडा आहे. विक्रेत्याने नाव ‘कॅम्पोसिया’ सांगितले. त्याच्या अंगावर सतत स्पंज आणि शेवाळ चिकटलेले असते. ब्रशने काढले तरी लगेच पुन्हा तसेच. हा रोग आहे का? औषध घालू? शिवाय शेजारचे मऊ प्रवाळ कुरतडल्यासारखे दिसते.

उत्तर : आधी तो ब्रश बाजूला ठेवा! तुम्ही घाण म्हणता तो त्याचा पोशाख आहे आणि तो त्याने स्वतः शिवलाय. कॅम्पोसियाच्या पाठीवर आणि पायांवर बारीक आकडेदार केस असतात, वेलक्रोसारखे. नांगीने स्पंजाचा तुकडा तोडायचा, तोंडाशी नेऊन कड जराशी चावून खरबरीत करायची आणि मग आकड्यांत दाबून बसवायचा, असे त्याचे काम चालते. रात्री टाकीवर मंद लाल दिवा लावून बसा. मला तर टीव्हीपेक्षा हेच बघायला आवडते.

लाल समुद्रापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंतच्या प्रवाळभित्तींवर हा खेकडा राहतो. तिथे माशांच्या नजरेतून सुटायला वेगाचा उपयोग नाही, कारण हा चालतो अगदी रमतगमत. म्हणून हे सोंग. संशोधकांनी त्याला रंगीत गोंडे दिले, तर तेही त्याने पायांवर चढवले. लपायला आडोसा मिळाला तेव्हा मात्र सजावट कमी केली. तेव्हा टाकीत एखादी कपार करून द्या.

प्रवाळ कुरतडणारा चोर तोच असण्याची शक्यता दाट आहे. फुकटचे शेवाळ आणि स्पंजाचे तुकडे टाकीत ठेवा, किमतीचे प्रवाळ त्याच्यापासून दूर हलवा. स्वभाव बदलेल ही आशा नको.

औषधाचे म्हणाल तर तांबे असलेले कुठलेही औषध खेकड्यांना मारक ठरते. आणि ब्रशची भीती वेगळीच आहे. पाय तुटला तर तो नव्याने येतो कात टाकताना. पण कोळी-खेकडे प्रौढ झाले की शेवटची कात टाकतात, त्यानंतर कधीच नाही. तुमचा खेकडा त्या टप्प्यावर असेल, तर गेलेला पाय गेलाच. वयात यायचा असेल, तर मात्र एखाद्या सकाळी टाकीत रिकामे कवच दिसेल. ते लगेच उचलू नका. जुन्या कवचावरचा माल काढून तो नव्यावर लावतो. हलवायचाच झाला तर जाळी वापरू नका, आकडे अडकतात. पाण्यातच प्लास्टिकचा डबा खाली सरकवा आणि त्याला आत चढू द्या.