पागाला, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याला, लावायची शिसं घरी ओतायची आहेत. जुन्या बॅटरीचं शिसं चालेल का?
नाही, बॅटरीला हातच लावू नका. तिच्या प्लेटांत अँटिमनी (शिसं कडक करणारा पदार्थ), कधी विषारी आर्सेनिकही असतं. वितळवून निघालेली मळी ओली झाली की जीवघेणा वायू सुटू शकतो. दोरीवर दाबून बसवायला मऊ, शुद्ध शिसंच घ्या. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. गाडीच्या चाकांना तोल साधायला लावतात ती शिशाची वजनं अँटिमनीमुळे कडक असतात. त्यांत जस्ताची आली तर ती वर तरंगतात, ४१९ अंशांपर्यंत वितळत नाहीत, तेव्हाच काढा.

खरा धोका पाण्याचा. आपल्याकडे पावसाळ्यात साचा कोरडा दिसला तरी ओल धरून असतो. थेंबभर पाण्याची वाफ झाली की तापलेलं शिसं थेट तोंडावर उडतं. साचा, पळी आधी तापवाच. काम उघड्यावर, पोरांपासून लांब करा. त्या भांड्यात पुन्हा कधीही जेवण रांधू नका.