गोळी देण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

सप्रेम नमस्कार.

वाळपईहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्सला आहे, केरळातल्या निपा विषाणूच्या साथीच्या बातम्या वाचल्यापासून ती म्हणते, साथीच्या कामात पडायचं आणि त्यासाठी फार्मसी करायची. तुम्ही विचारता, साथीत डॉक्टर लागतो, नर्स लागते; फार्मासिस्ट काउंटरमागे उभा राहून काय करणार?

उत्तर गोव्यातल्या तुमच्या सत्तरी तालुक्यातच आहे. २०१५ साली तिथे माकडताप आला. गोचीड चावून होणारा हा ताप, आणि त्याचा हंगाम नेमका काजूचा. काजू गोळा करून आलेला माणूस दोन दिवस ताप अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी फार्मसीत जातो आणि म्हणतो, "अंगदुखीची गोळी द्या." डॉक्टरची पायरी त्याने अजून चढलेली नसते. तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारायचं असतं: रानात, बागायतीत गेला होतात का? अंगावर गोचीड सापडली का? आसपास माकड मेलेलं दिसलं का? या तापात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून तो वाढवू शकणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांची पट्टी हातात न ठेवता पॅरासिटामॉल द्यायचं आणि त्याच दिवशी रक्त तपासायला सरकारी आरोग्य केंद्रात पाठवायचं. माकडतापावर खास औषध नाही. वेळेत दाखल होणं, सलाईन, देखरेख, एवढंच हाताशी असतं. म्हणून ही दोन मिनिटांची चौकशी मला फार मोलाची वाटते. काही न विचारता पट्टी कापून देणारी दुकानं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, याची खंतही वाटते.

इस्पितळात काम वेगळं. केरळात कोळिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत २०१८ मध्ये निपाने १७ जण दगावले. खात्रीचं औषध नव्हतं, म्हणून रिबाव्हिरिन हे विषाणूंविरुद्धचं औषध वापरून पाहिलं. असं औषध वॉर्डात जातं तेव्हा हिमोग्लोबिन उतरतंय का, मूत्रपिंडं कितपत चालतात, रुग्ण बाई गरोदर आहे का, हे बघून डॉक्टरांना डोसबद्दल सांगणारं आणि दुष्परिणामांची नोंद ठेवणारं कुणीतरी लागतं. क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात तो हा. रेबीजची लस आणि सीरम २ ते ८ अंशांत राखणं, पावसात वीज गेली की फ्रिजचा थर्मामीटर बघणं, हेही फार्मासिस्टचंच काम.

फार्मसीची पदवी म्हणजे बी.फार्म. चार वर्षांचं, पणजीला सरकारी कॉलेज आहे, फर्मागुढीला बांदेकर कॉलेज. रुग्णांजवळ राहायचं असेल तर पुढे फार्मसी प्रॅक्टिसमध्ये एम.फार्म., किंवा बारावीनंतर थेट सहा वर्षांचं फार्म.डी. दोन वर्षांच्या डी.फार्म. या पदविकेवर दुकान चालवता येतं, पण तिच्या मनातल्या कामाला ते पुरणार नाही. आणि स्पष्टच सांगतो, इस्पितळांत या जागा कमी आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. हे तिला आत्ताच कळू दे.

बारावीची परीक्षा संपेल तेव्हा काजू चालूच असेल. ओळखीच्या फार्मासिस्टला विचारून तिला आठवडाभर संध्याकाळी दुकानात बसू द्या. लोक काय मागतात, काय सांगायचं टाळतात, ते ऐकू दे. मग तिला घेऊन या, तिघं बसून कॉलेज ठरवू.