वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉपला मोबाईलचे इंटरनेट

प्रश्न : माझ्याकडे जुना, पण उत्तम चालणारा डेस्कटॉप संगणक आहे. त्याला लॅन पोर्ट (नेटवर्कची तार लावण्याची खाच) आहे, वायफाय नाही. ब्रॉडबँड काही आठवडे बंद राहणार असल्याने फोनवरचा डेटा या संगणकावर वापरायचा आहे; मात्र यूएसबी केबल जोडली की फोन नुसता चार्ज होतो. एकदा दुसरी केबल लावल्यावर इंटरनेट सुरू झाले, पण मी चार ईमेल आणि एक कागदपत्र एवढेच पाहिलेले असताना संध्याकाळपर्यंत दिवसाचा सगळा डेटा संपला. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या अडचणी आहेत, आणि दुसरी अधिक महत्त्वाची असली तरी पहिली सुटल्याशिवाय तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

पहिली अडचण केबलची आहे. काही स्वस्त केबलींमध्ये वीज वाहून नेणाऱ्या दोनच तारा असतात आणि माहितीची ने-आण करणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून पाहता दोन्ही केबली अगदी सारख्या दिसतात. फोन संगणकाला जोडल्यावर त्याच्या पडद्यावर यूएसबीविषयीची सूचना आली, तर केबल माहितीची आहे असे समजावे. नुसते चार्जिंगचे चिन्ह दिसले, तर केबल बदलून पाहावी. शक्यतो संगणकाच्या मागच्या बाजूचा यूएसबी पोर्ट वापरावा, कारण तो थेट मदरबोर्डवर असतो, तर पुढचे पोर्ट आतल्या आणखी एका वायरीने जोडलेले असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये तेच आधी सैल होतात. त्यानंतर फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग (म्हणजे फोनचे इंटरनेट दुसऱ्या यंत्राला देणे) या भागात जावे. तेथे ‘यूएसबी टेदरिंग’ हा पर्याय केबल जोडेपर्यंत फिकट दिसतो आणि केबल ओळखली गेली की ठळक होतो. तो सुरू केल्यावर काही सेकंदांत विंडोजमध्ये एक नवी इथरनेट (तारेच्या नेटवर्कची) जोडणी उमटते. अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर (फोनशी बोलणारे छोटे सॉफ्टवेअर) विंडोजमध्ये आधीपासून असतो. आयफोन असेल, तर ॲपलचे सॉफ्टवेअर संगणकावर आधी बसवावे लागते.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. टेदरिंग सुरू असताना फोन स्वतः एखाद्या वायफायला जोडलेला असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोन संगणकाला तेच वायफाय पुरवतात आणि मोबाईल डेटाला हात लावत नाहीत. म्हणजे वायफाय नसलेल्या डेस्कटॉपला फोन हाच वायफायचा अडॅप्टर होतो.

आता डेटा कुठे गेला ते पाहू. फोन यूएसबीने जोडला की विंडोजला ती तारेची इथरनेट जोडणी दिसते, आणि तारेने येणारे इंटरनेट अमर्याद असते असे विंडोज मुळात धरून चालते. त्यामुळे अनेक दिवस साचलेले अपडेट, फोटोंची क्लाउडवरची नक्कल, खेळांच्या नव्या आवृत्त्या हे सारे पडद्यामागे एकदम सुरू होते. आपण चार ईमेल वाचत असताना संगणक काही जीबी उतरवून घेत होता, असाच निष्कर्ष मी आपल्या वर्णनावरून काढतो. टेदरिंग चालू ठेवून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, त्यात इथरनेट या क्रमाने जावे आणि तेथील ‘मीटर्ड कनेक्शन’ हे बटण सुरू करावे. ही जोडणी मोजूनमापून वापरायची आहे, हे संगणकाला सांगण्याचा हाच मार्ग आहे. विंडोज 10 आणि 11 या दोन्हींत तो आहे. त्यानंतर बहुतेक अपडेट थांबून राहतात आणि वनड्राइव्हही आपली ने-आण थांबवतो.

मात्र सगळीच सॉफ्टवेअर हा संकेत पाळत नाहीत. ब्राउझरमध्ये आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि इतर कंपन्यांच्या क्लाउड सेवा यांना स्वतंत्रपणे आवर घालावा लागतो. याच भागातील ‘डेटा युसेज’ या पानावर कोणत्या ॲपने किती डेटा घेतला ते दिसते. पहिले दोन-तीन दिवस रोज रात्री ते पान उघडून पाहावे, म्हणजे खरा खादाड कोण ते कळते. शिवाय काही फोन दर जोडणीला संगणकासमोर नव्या हार्डवेअर पत्त्याने (यंत्राच्या ओळखक्रमांकाने) येतात, त्यामुळे विंडोज ती नवीच जोडणी समजते आणि मीटर्डची खूण निघून गेलेली असते. केबल काढून पुन्हा लावल्यावर ते बटण तपासण्याची सवय लावून घ्यावी.

काही आठवडे रोज आठ-आठ तास काम करायचे असेल, तर फोनऐवजी सिमकार्ड घालता येणारा, लॅन पोर्ट असलेला 4जी किंवा 5जी राउटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सतत चार्ज होत डेटा पुरवणारा फोन तापतो, आणि फोन घेऊन आपण बाहेर पडलो की संगणकाचे इंटरनेटही आपल्याबरोबर जाते. यापेक्षाही मोठे कारण रेंजचे आहे. साध्या यूएसबी 2.0 केबलची मर्यादा 5 मीटर आहे, तर लॅन केबल 100 मीटरपर्यंत नेता येते; म्हणून राउटर खिडकीशी ठेवून संगणक आतल्या खोलीत ठेवता येतो. फोनच्या सिम स्टेटसमध्ये सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यांत दिलेली असते. 4जीसाठी उणे 85 डीबीएमच्या आसपासचा आकडा चांगला, तर उणे 110 च्या पलीकडचा (उदा. उणे 115) कमकुवत समजावा. राउटर ठेवण्यापूर्वी फोन हातात घेऊन प्रत्येक खिडकीपाशी मिनिटभर थांबावे आणि आकडा लिहून घ्यावा. एकाच घरात 15 ते 20 डीबीएमचा फरक सहज आढळतो. टेदरिंगला आणि राउटरमधील वापराला आपल्या डेटा योजनेची परवानगी आहे का, हेही आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : मी सिमकार्डाचा राउटर डेस्कटॉपला जोडला आहे. इंटरनेट उत्तम चालते, पण पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी ठरावीक संगणकाकडे वळवण्याची राउटरमधील सोय) करूनही बाहेरून घरच्या संगणकाशी संपर्क होत नाही.

उत्तर : राउटरच्या स्टेटस पानावर मोबाईल जोडणीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) पाहावा. तो 10 ने सुरू होत असेल किंवा 100.64 ते 100.127 या टप्प्यातला असेल, तर आपली कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते आहे. बाहेरून आलेली हाक कंपनीच्याच यंत्रणेपाशी थांबते, त्यामुळे आपल्या राउटरमधील कोणत्याही बदलाचा उपयोग होत नाही. घरचा संगणक स्वतःहून बाहेर जोडणी करून ती उघडी ठेवतो अशा प्रकारचे रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक वापरू देणारे) सॉफ्टवेअर किंवा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी जोडणी) वापरावे. काही कंपन्या मागणीनुसार स्वतंत्र सार्वजनिक पत्ताही देतात.