'राष्ट्रीय गर्व' की 'राष्ट्राभिमान'?

प्रश्न असा आहे: वादविवाद स्पर्धेसाठी एका इंग्रजी विषयाचं मराठी करायचं आहे. 'राष्ट्रीय गर्व चांगला की अविवेकी?' असा मसुदा तयार आहे. यात 'गर्व' बरोबर की 'अभिमान' हवा? आणि 'अविवेकी' चालेल का?

'गर्व' नको. मराठीत गर्व हा दुर्गुणच आहे. 'गर्व चांगला की वाईट' हे विचारणं 'मत्सर चांगला की वाईट' विचारण्यासारखं आहे. विरोधी बाजूच्या वक्त्याला उभं राहून 'गर्वाचं घर खाली' एवढं म्हणायचं आणि बसायचं, इतकंच काम उरेल.

इंग्रजीत ही अडचण येत नाही, कारण तिथे 'प्राइड' हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांच्या यादीतही तोच, आणि लेकराने चांगलं काम केलं की आईबापांच्या तोंडातही तोच. म्हणून इंग्रजी विषय खरोखर खुला राहतो. फ्रेंचमध्ये मात्र महापापांच्या यादीत 'ऑर्गय' (गर्व) येतो, 'फिएर्ते' (अभिमान) येत नाही. मराठीची सोय फ्रेंचसारखी आहे: दोन शब्द, दोन खाती. भाषांतर करणाऱ्याला निवड करावीच लागते.

गोंधळ हिंदीमुळे होतो. हिंदीत 'गर्व' हा चांगल्या अर्थाचा शब्द आहे आणि 'अभिमान' साधारणपणे अहंकाराकडे झुकतो. मराठीत नेमकं उलट. त्यामुळे 'मुझे तुम पर गर्व है' याचं 'मला तुझ्यावर गर्व आहे' झालं की एका वाक्यात दोन चुका होतात. एक 'गर्व' ही, आणि दुसरी, जी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, 'वर' ही. मराठीत अभिमान कशा'वर' नसतो, कशा'चा' असतो. 'मला तुझा अभिमान वाटतो' हे नीट वाक्य. बातम्यांच्या मथळ्यांत 'देशाला गर्व वाटावा अशी कामगिरी' दिसतं, तिथे 'अभिमान' घातला की काम भागतं. 'आम्हाला गर्व आहे की आम्ही...' या वाक्यात मात्र शब्द बदलून पुरत नाही, रचनाही फिरवायला हवी: 'आम्ही अमुक केलं, याचा आम्हाला अभिमान आहे.'

मराठीने ही दोन खाती किती काटेकोरपणे वेगळी ठेवली आहेत, ते शब्दकोशापेक्षा क्रियापदांवरून जास्त चांगलं कळतं. गर्व चढतो. गर्व उतरवतात. गर्वाने माणूस फुगतो, आणि शेवटी गर्वहरण होतं. आता आणखी काय काय चढतं-उतरतं ते पाहा: ताप, विष, दारू, माज, मद. ('माज' तर संस्कृत 'माद्यति'वरूनच आला आहे, म्हणजे मुळात धुंदीच.) अभिमान या पंक्तीला बसत नाही. 'त्याला अभिमान चढला' किंवा 'त्याचा अभिमान उतरवला' असं कुणी म्हणत नाही. अभिमान असतो, वाटतो, बाळगतात, जुन्या मराठीत 'धरतात'. गर्व ही अवस्था आहे, येते आणि जाते. अभिमान हे नातं आहे. विशेषणंही तशीच पडतात. 'गर्विष्ठ' ही कधीच स्तुती नसते आणि 'अभिमानास्पद' ही कधीच निंदा नसते.

पण यावरून अभिमान हा शब्द जन्मतःच सोज्ज्वळ होता असं समजू नये. त्याचा पूर्वेतिहास बराच खराब आहे. 'अभि' अधिक 'मन्', म्हणजे मानणं, समजणं. एखाद्या गोष्टीकडे वळून 'ही मी' किंवा 'ही माझी' असं मानून चालणं, हा मूळ अर्थ. सांख्य दर्शनाचा ग्रंथ असलेल्या ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतल्या 24 व्या कारिकेत अहंकाराची व्याख्याच 'अभिमानोऽहङ्कारः' अशी केली आहे. वेदान्तात 'देहाभिमान' म्हणजे देहालाच मी समजण्याची चूक. देहाच्या सौंदर्याची मिजास असा त्याचा अर्थ नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'अस्मिता' या शब्दाची गतही अशीच. योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी, म्हणजे दुःखाच्या मुळांपैकी, एक आहे, अविद्येच्या लगेच नंतर येणारी. आज तीच भाषणात टाळ्या घेते.

मग मराठीत अभिमान चांगल्या बाजूला कसा गेला? त्याचा एक दुवा मनाच्या श्लोकांत ठळक दिसतो. तिथे लागोपाठ कित्येक श्लोकांचा शेवट 'नुपेक्षी कदा राम दासाभिमानी' असा होतो. 'दासाभिमानी' म्हणजे दासांबद्दल फुशारकी मारणारा नव्हे. दासांना आपलं मानणारा, म्हणून त्यांची उपेक्षा न करणारा. म्हणजे इथे अभिमान हा मोठ्याने धाकट्याचा धरलेला आहे, आणि तो धरला की पाठराखण करणं आलंच. 'ही माझी' असं मानण्याची जी क्रिया दर्शनशास्त्रात चूक होती, तीच इथे जबाबदारी झाली. मराठीतला आजचा चांगला अभिमान या अर्थाच्या जवळ आहे: आपलेपणा, आणि त्यापोटी येणारं देणं. 'देशाभिमान' हा समास याच अर्थाने वाचायला हवा.

वादविवादात ज्याचा सर्वांत जास्त उपयोग होईल तो व्याकरणाचा भेद पुढे आहे. 'देशाचा अभिमान' आणि 'या देशाचा असल्याचा अभिमान' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या रचनेत अभिमानाचा विषय देश आहे: तिथली माणसं, त्यांनी केलेलं काम, कायदे, भाषा. दुसरीत विषय मी आहे, माझं त्या यादीत नाव असणं आहे. 'जन्माने मिळालेल्या गोष्टीचं काय कौतुक? त्यात तुझं कर्तृत्व काय?' हा नेहमीचा आक्षेप खरं तर दुसऱ्या रचनेवर लागू पडतो. पहिलीवर तो तितका लागत नाही, कारण 'आपल्या माणसांनी हे केलं' असं म्हणणारा ते काम स्वतःच्या नावावर मांडत नसतो. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने 1851 मध्ये राष्ट्राभिमानाला अभिमानाचा सर्वांत स्वस्त प्रकार म्हटलं, तेही याच अंगाने: ज्याच्यापाशी स्वतःचं काही नसतं, तो लाखो लोकांत वाटलेली गोष्ट उचलून छातीला लावतो. त्याचं पुढचं वाक्य मात्र फारसं उद्धृत होत नाही. ज्याच्यापाशी स्वतःचं काही असतं, त्याला आपल्या राष्ट्राचे दोष सर्वांत स्पष्ट दिसतात, कारण ते सतत त्याच्या डोळ्यांसमोर असतात, असं तो म्हणतो.

दोषांचा मुद्दा आला की मराठीत एक चाचणी आयतीच मिळते. 'अभिमान वाटणे' याचा जोडीदार 'लाज वाटणे' हा आहे आणि दोघांची रचना एकच आहे: मला अमक्याचा अभिमान वाटतो, मला अमक्याची लाज वाटते. मी जे केलेलंच नाही त्याची लाज वाटणं अतार्किक, असं म्हणायचं असेल, तर मी जे केलेलं नाही त्याचा अभिमानही अतार्किक ठरतो. दोन्ही ठेवा किंवा दोन्ही सोडा. शंभर वर्षांपूर्वीचा विजय 'आपला' आणि त्याच काळातला अत्याचार मात्र 'त्या वेळच्या लोकांचा', असं जो म्हणतो त्याच्याकडे अभिमान नाही, हिशेबातली लबाडी आहे. 'गर्वाचा' जोडीदार शोधून पाहा. 'गर्व'समोर 'लाज' उभी राहत नाही, फार तर 'नम्रता' उभी राहते.

आता 'अविवेकी'कडे. मसुद्यातली मोठी चूक 'गर्व' ही नसून इथे आहे. 'चांगला की अविवेकी' हे विरुद्धार्थी नाहीतच. चांगल्याचा विरुद्धार्थी वाईट, विवेकीचा अविवेकी. विषय असा तिरपा ठेवला की दोन्ही गट वेगवेगळ्या रस्त्यांनी चालतात, गाठ पडतच नाही. गंमत म्हणजे या दोन दोषांसाठी मराठीत दोन स्वतंत्र शब्द तयार आहेत, आणि ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

'वृथाभिमान' म्हणजे ज्याला आधार नाही असा. जे घडलंच नाही अशा पराक्रमाचा, जो शोध लागलाच नाही अशा शोधाचा. त्याचा उलट शब्द 'सार्थ अभिमान', म्हणजे अर्थासह, कारणासह असलेला. इथे प्रश्न खऱ्या-खोट्याचा आहे आणि तो पुराव्याने सुटतो.

'दुरभिमान' म्हणजे वाईट तऱ्हेने धरलेला. आधार पक्का असू शकतो, विजय खरा असू शकतो, पण तो दुसऱ्याला हीन लेखायला वापरला, किंवा आपलं आहे म्हणून वाईट गोष्टही सोडली नाही, की दुरभिमान झाला. तो पुराव्याने सुटत नाही. म्हणूनच दुरभिमानी माणसाला तारखा आणि आकडे दाखवून काही होत नाही, त्याचे आकडे बरोबरही असतात. उलट वृथाभिमानी माणूस स्वभावाने अगदी निरुपद्रवी असू शकतो.

अभिमान घसरून दुरभिमान का होतो, याचं एक कारण स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739 मध्येच मांडलं आहे. ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो ती आपल्याशी जवळून जोडलेली तर हवीच, शिवाय ती आपल्यापाशीच किंवा मोजक्यांपाशीच हवी. जे सर्वांकडे आहे त्याचा अभिमान वाटत नाही. म्हणजे तुलनेची बीजं अभिमानातच आहेत. 'आमचं चांगलं आहे' हे वाक्य टिकवायला थोडे कष्ट पडतात, आणि 'आमचं त्यांच्यापेक्षा चांगलं आहे' हे आपोआप जिभेवर येतं. पण दोन्ही भावना एकच असं मात्र नाही. कोस्टरमन आणि फेशबाख या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये देशाबद्दलची ओढ आणि देशाच्या श्रेष्ठत्वाची भावना वेगवेगळी मोजली, तेव्हा त्या दोन निराळ्या गोष्टी असल्याचं दिसलं. मराठी भाषकाला हे वाचून फारसं आश्चर्य वाटू नये.

'अविवेकी' या शब्दाबद्दल आणखी एक. तो ज्या इंग्रजी 'इरॅशनल'साठी येतो, त्याला मराठीत किमान तीन पर्याय आहेत. 'अतार्किक' म्हणजे तर्काने निघत नाही असं. 'तर्कदुष्ट' म्हणजे तर्क केला पण चुकला. 'अविवेकी' म्हणजे बरं-वाईट निवडण्याची शक्ती सोडलेला. मैत्री अतार्किक आहे, कुणी अनुमान काढून मित्र करत नाही, पण म्हणून मैत्री अविवेकी ठरत नाही. राष्ट्राभिमान अतार्किक आहे हे सिद्ध करणं सोपं आहे आणि त्यातून फारसं काही निघतही नाही. तो अविवेकी आहे असं म्हणायचं तर निवड कुठे सुटली ते दाखवावं लागेल. ती सुटण्याची जागा बहुधा वरची लाज-अभिमानाची असते.

शुद्धलेखनाच्या तीन गोष्टी, कारण विषय फलकावर लिहिला जाणार आहे. 'राष्ट्र' अधिक 'अभिमान' म्हणून 'राष्ट्राभिमान', 'राष्ट्रभिमान' नव्हे. 'दुर्' अधिक 'अभिमान' म्हणून 'दुरभिमान'. 'दुराभिमान' हे फार दिसतं, ते चूक आहे. ही चूक 'दुराग्रह', 'दुराचार' यांच्या वजनावर होते, पण तिथे पुढचा शब्द 'आ'नेच सुरू होतो: आग्रह, आचार. याच कारणाने 'दुरवस्था' बरोबर आणि 'दुरावस्था' चूक, 'निरभिमानी' बरोबर आणि 'निराभिमानी' चूक. आणि प्रास्ताविकात कुणी 'जाज्वल्य अभिमान' म्हणणारच असेल, तर तो 'जाज्ज्वल्य' असा लिहू नये. मूळ 'जाज्वल्यमान', सतत पेटत असलेलं. मराठीने त्याचं शेपूट तोडलं आहे, मधला 'ज' वाढवायची गरज नाही.

'राष्ट्रीय अभिमान' चालेल, पण तो भाषांतरासारखा वाटतो. शिवाय त्यात राष्ट्र हा अभिमानाचा विषय आहे की अभिमान बाळगणारं राष्ट्रच आहे, ते कळत नाही. 'राष्ट्रगौरव' नको, कारण गौरव दुसरे करतात, आपला आपण करायचा नसतो. 'देशप्रेम' हा पर्यायही कुणी सुचवेल, तोही नको. प्रेमाला कारण द्यावं लागत नाही, अभिमानाला विचारलं तर द्यावं लागतं, आणि वाद त्या कारणावरच व्हायचा आहे.

तर विषय असा लिहावा: 'राष्ट्राभिमान विवेकाला धरून असू शकतो का?' वक्ते नवखे असतील आणि दोन स्पष्ट बाजू हव्या असतील, तर 'राष्ट्राभिमान: हितकर की अहितकर?' ठेवावा. दुसऱ्यात वृथाभिमानाचा मुद्दा बाजूला पडतो, पण वेळ प्रत्येकी पाच मिनिटं असेल तर ते बरंच.