दुसरा हप्ता नंतर, आधी मालक कोण ते बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि दुकानातली पोरं म्हणाली, काका एकटेच काय हसताय. हसू नव्हतं ते. निपाणीत तुमचं साड्यांचं दुकान, ऑनलाइन प्रसिद्धी करणाऱ्या कंपनीची 'तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर, लेखी गॅरंटी', १८,००० रुपये भरले, आणि आता दुसरे १८,००० दिले नाहीत तर लिस्टिंग, म्हणजे गूगल मॅपवरची दुकानाची नोंद, डिलीट होईल असा रोज फोन. गावाचं नाव बदला, साडीच्या जागी मोटर घाला, ती माझीच गोष्ट.

माझं बेळगावात उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंग आणि सबमर्सिबल पंप दुरुस्तीचं दुकान आहे, बाबांपासूनचं. एसइओ (गूगलच्या शोधात वर दिसण्याचं काम) काय, जाहिरात काय हे इथं बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते परत सांगत नाही. मी ना वकील, ना कॉम्प्युटरवाला. ठेच लागलेला माणूस आहे, एवढ्याच अधिकारानं लिहितो.

गॅरंटीचं आधी उरकतो. पहिल्या नंबरची खात्री कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. मग हे लोक लेखी देतात कसे? शब्द ते निवडतात म्हणून. मला पहिला नंबर मिळाला होता की! 'बेस्ट सबमर्सिबल पंप रिवाइंडिंग सर्व्हिस इन उद्यमबाग बेळगावी कर्नाटका' या शब्दांवर. हे एवढं कोण टाइप करणार? खानापूरचा शेतकरी फोन तोंडाजवळ धरून 'बेळगाव मोटर वायंडिंग' म्हणतो आणि मोकळा होतो. सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण आपली माणसं शोधताना बेळगाव म्हणतात, गोव्याची, कोल्हापूरची इंग्रजीत जुन्याच स्पेलिंगनं लिहितात. रिपोर्टमध्ये मात्र सगळीकडे नवीन नाव, कारण तिथं गर्दी कमी आणि नंबर लवकर. तुम्हाला साडीचे कुठले शब्द लिहून दिलेत ते बघा. आणि दुकानात बसून स्वतःच्या मोबाईलवर शोधू नका. तिथं जवळचं म्हणून तुमचंच दुकान वर दिसतं, इन्कॉग्निटो (खासगी विंडो) उघडलं तरी जागा लपत नाही. सेल्सवाला दुकानात येऊनच 'बघा मॅडम' करतो ते त्यासाठीच.

पण शब्दांनी माझं फार काही बिघडलं नाही. माझं वाटोळं केलं एका ओटीपीनं.

२०२२ चा जानेवारी. अशाच एका कंपनीचा पोरगा, गोड बोलणारा, मराठीत, 'काका' म्हणून. म्हणाला, तुमचं दुकान मॅपवर आहे पण कुणी क्लेम केलेलं नाही, गूगलकडून कोड येईल तेवढा सांगा. मी हातातली वायर खाली ठेवली आणि सहा आकडे वाचून दाखवले. बँकेचा ओटीपी कुणी मागितला असता तर मी फोन त्याच्या अंगावर टाकला असता. हा गूगलचा म्हणून दिला. त्या सहा आकड्यांनी माझ्या दुकानाचं बिझनेस प्रोफाइल त्यांच्या ईमेलवर गेलं. प्रायमरी ओनर, म्हणजे मुख्य मालक, ते. मी साधा मॅनेजरसुद्धा नाही. वेबसाइटचं डोमेनही (तिचं नाव-पत्ता) त्यांच्याच नावावर घेतलेलं, हे नंतर कळलं.

वर्षभर दर महिन्याला रिपोर्ट यायचा, 'या महिन्यात एवढे कॉल'. मी खूश. त्यात गोम अशी की लिस्टिंगवर माझा नंबर ठेवलाच नव्हता. त्यांचा एक नंबर टाकला होता, त्यावर आलेला फोन माझ्याकडे वळवायचे, म्हणजे मोजता यावेत म्हणून. हे मोजण्याचं तंत्र मुळात वाईट नाही, ते आधी सांगून करतात लोक. मला सांगितलं नव्हतं. २०२३ च्या फेब्रुवारीत मी पैसे थांबवले आणि फोन वळायचे थांबले.

फेब्रुवारी ते मे आमचा सीझन. पाण्याची पातळी खाली जाते, बोअरच्या मोटरी जळतात, उसाला पाणी द्यायचं असतं. त्या दिवसांत माझा फोन गप्प. मला वाटलं, बाजारच थंड आहे. मार्च निम्मा झाल्यावर नंदगडचे एक जुने गिऱ्हाईक टेम्पोत मोटर घालून थेट दारात. म्हणाले, 'फोन लावून लावून दमलो, दुकान मोडलं काय हो तुमचं?' तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते फोन दुसऱ्या कुठल्या दुकानाला दिले, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. शंका आहे, ती माझ्यापाशी ठेवतो.

मग तक्रार. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, तिथं परत जायचं आहे कधीतरी. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, चोरीला काय गेलं? मी म्हणालो, दुकानाचं मॅपवरचं पान. दुकान आहे ना जागेवर? आहे. फोन आहे? आहे. मग काय गेलं? या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. कंपनीबरोबरच्या कराराचा कागद पुढं केला तर म्हणाले, करारात बेंगळूरचं कोर्ट लिहिलंय, तिकडं जा. तीन हेलपाटे झाले, दर वेळी दुकान अर्धा दिवस बंद. नंतर एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. फक्त धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून समोरचा हरकत घेणार, तेव्हा हे दुकान आपल्या स्वतःच्या पोटापाण्यासाठी आहे हे दाखवावं लागतं. तुमचं तसंच दिसतंय, पण वकिलाला विचारा, माझ्या भरवशावर जाऊ नका. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा, फुकट आहे. पैसे सरळ फसवून काढले असतील तर सायबर फसवणुकीचा नंबर १९३०, आणि तिथं उशीर करायचा नाही.

लिस्टिंग परत मिळायला अडीच महिने गेले. त्यांनी नावात 'बेस्ट मोटर रिवाइंडिंग बेळगावी' असं शेपूट जोडलं होतं. गूगलचा नियम, जे नाव पाटीवर तेच नाव लिस्टिंगला. मी दुकानाचा व्हिडिओ काढून पाठवला तर पाटी आणि नाव जुळेना. पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक, शेपूट कुठंच नाही. पुन्हा व्हिडिओ, हेस्कॉमचं (विजेचं) बिल, ट्रेड लायसन्स. सुटलो तेव्हा पाऊस लागला होता आणि बोअरला पाणी आलं होतं.

डिलीट होण्याच्या धमकीबद्दल: लिस्टिंग फुकट असते, पैसे भरले नाहीत म्हणून गूगल ती काढत नाही. ही युक्ती काही निपाणीसाठी शोधलेली नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका टोळीवर तिथल्या व्यापार आयोगानं २०१८ मध्ये याच प्रकारासाठी खटला भरला, लहान दुकानदारांना 'तुमचं दुकान गूगलवर कायमचं बंद दिसेल' असे फोन करायचे ते. 'गूगल पार्टनर'चा बिल्ला दाखवतील, त्यालाही भुलू नका. त्यासाठी परीक्षा आणि ९० दिवसांत १०,००० डॉलरची जाहिरात लागते. कुणाच्या पैशानं, ते बिल्ल्यावर लिहीत नाहीत.

जाहिरातीचे पैसेही ते घेत असतील तर एकत्र रक्कम देऊ नका. जाहिरातीचं खातं तुमच्या ईमेलवर, कार्ड तुमचं, त्यांना फक्त प्रवेश. बिल थेट गूगलचं, १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेलं. माझ्याकडून महिना ८,००० जायचे, त्यातले जाहिरातीला किती गेले ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो: निपाणीत साडी विकायला पहिलं वर्ष जाहिरातीची गरजच नाही. खरे फोटो, चालू नंबर, बरोबर वेळ, आणि गिऱ्हाइकाला 'वैनी, दोन ओळी लिहा' म्हणायची लाज नको. विकतचे रिव्ह्यू मात्र घेऊ नका, एका रात्रीत चाळीस आले की कुणालाही कळतं.

आता आजचं. दुकानाच्या जीमेलनं लॉगिन करून बिझनेस प्रोफाइलमध्ये 'लोक आणि प्रवेश' उघडा. प्रायमरी ओनर तुम्ही नसाल तर गोड बोलून स्वतःला ओनर करून घ्या. नवीन ओनरला पहिले सात दिवस दुसऱ्याला काढता येत नाही, म्हणून ते सात दिवस भांडू नका. 'हप्त्याचं बघतोय' म्हणत राहा. लिस्टिंगवर नंबर तुमचाच आहे ना, तो दुसऱ्या फोनवरून लावून बघा. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते विचारा, लेखी. ते 'मॅडम, सर्व्हर डाऊन आहे' म्हणतील. मला सतरा दिवस डाऊन होता.